दादा, जरा उडवा की!

हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब उजनीच्या फुगवट्यावर विसावतो न विसावतो, तोच पुण्याहून शंभरेक किलोमीटर गाडीत बसून दमलेले छायाचित्रकार भिगवणच्या नावेत चढतात. अंगात रानरंगी जाकीट, तोंडाने अखंड गप्पा. रोहित मान बुडवून शेवाळ गाळत असतो. हा काय फोटो झाला? गुलाबी रंग खुलतो पंख उघडल्यावर. म्हणून नावाड्याला लाडीगोडी, ‘दादा, जरा उडवा की!’ थवा उपाशी उठतो आणि फोटोखाली ओळ पडते : ‘निसर्गाच्या कुशीतला निवांत क्षण’. पावसाळ्यात हीच फौज सुगरणीच्या खोप्यांकडे वळते. आड येणारी फांदी तेवढी (प्रेमाने) छाटते. परसातली साळुंकी बारा महिने कठड्यावर आयती बसलेली असते. पण तिच्यासाठी लेन्सचं झाकण काढायचं, म्हणजे हप्त्यांचा अपमानच!