पंधराव्या मिनिटाचे माहात्म्य

२०२० च्या शरद ऋतूत अमेरिकेत खेळल्या गेलेल्या महाविद्यालयीन फुटबॉल हंगामाने विषाणुशास्त्रात जी मोलाची भर घातली, तिची नोंद त्या शास्त्राच्या ग्रंथांत अद्याप पुरेशा आदराने झालेली नाही. कोरोनाचा विषाणू मुख्यतः थेंबांतून पसरतो की हवेतून, यावर जगभरचे तज्ज्ञ डोकी फोडत असताना या हंगामाने त्याहून मूलभूत अशी एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे विषाणूच्या मनगटावर घड्याळ असते, आणि त्या घड्याळात पंधरा मिनिटे भरेपर्यंत तो सभ्य पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेर उभा राहतो.

या गृहीतकाचे मूळ ‘निकट संपर्क’ या संज्ञेत आहे. बाधित व्यक्तीपासून सहा फुटांच्या आत किमान पंधरा मिनिटे राहिलेला माणूस, अशी तिची त्या वर्षीची व्याख्या होती, आणि अशा माणसाने १४ दिवस विलगीकरणात, म्हणजे इतरांपासून दूर एका खोलीत, काढावेत अशी अपेक्षा होती. ज्यांनी ही व्याख्या केली त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता आणि हाताशी माणसे थोडी होती, त्यामुळे आधी कोणाकडे धावायचे हे ठरवण्यासाठी कुठेतरी रेघ ओढणे त्यांना भागच होते. आगीचा बंब आधी कोणत्या गल्लीत न्यावा याची ती यादी होती, यादीबाहेरच्या घरांना आग लागत नाही असे त्यांनी कधीही म्हटले नव्हते. हंगामाच्या व्यवस्थापनाने मात्र ती यादी सुतकाचे नियम वाचावेत तशी वाचली: इतक्या पिढ्यांपर्यंतच्या भाऊबंदांना इतके दिवस, आणि त्यापलीकडचे सगळे शुद्ध.

अमेरिकी फुटबॉल हा पायाने क्वचितच खेळला जाणारा खेळ आहे, एवढे सांगून पुढे जाता येते. परंतु त्यातील ‘लाइनमन’ या प्रकारापाशी थांबणे आवश्यक आहे. लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा नव्हे, तर चेंडू जिथे ठेवला असेल तिथून मैदानाच्या आडव्या रुंदीत कल्पिलेल्या रेषेवर ओणवा होऊन बसणारा, बहुधा सव्वाशे-दीडशे किलो वजनाचा तरुण, ज्याचे काम समोरच्या तशाच वजनदार तरुणाला अंगाने रेटणे हे असते. समोरासमोरच्या या दोन रांगांमध्ये जी मोकळी पट्टी राखावी लागते, तिची रुंदी नियमानुसार चेंडूच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे ११ इंच असते. चेंडू हलण्यापूर्वी दोघेही एकमेकांच्या तोंडासमोर धापा टाकत असतात, नोव्हेंबरच्या थंडीत त्यांच्या शिरस्त्राणांच्या जाळीतून निघालेली वाफ मधल्या त्या ११ इंचांत एक होते आणि त्यातली कोणती कोणाची हे कॅमेऱ्यालाही सांगता येत नाही. चेंडू हलला की तेवढेही अंतर उरत नाही.

आता गणित पाहावे. या खेळातील एक चाल पाच-सहा सेकंद चालते, आणि एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला सुमारे ७० चाली येतात. सहाने गुणले असता ४२० सेकंद, म्हणजे सात मिनिटे होतात. पंधराचे निम्मेसुद्धा नाहीत. तात्पर्य, ज्याचा घाम डोळ्यांत गेला आणि ज्याची थुंकी ओठांवर उडाली, तो चाली मोजण्याच्या या पद्धतीनुसार निकट संपर्क ठरत नाही. निकट संपर्क म्हणजे वसतिगृहाच्या खानावळीत टेबलाच्या पलीकडे बसून एक शब्दही न बोलता सोळा मिनिटे जेवलेला तो.

या गणितातून विषाणूचे जे व्यक्तिचित्र उभे राहते, ते पाहता तो जुन्या वळणाच्या कचेरीत मुरलेला कारकून असावा, असे मानण्यास जागा आहे. चेंडू हलताच तो दप्तर उघडतो, खेळाडूचे नाव, पाठीवरचा क्रमांक आणि वजन नोंदवून घेतो, तोच शिट्टी होते आणि त्याला दप्तर बांधावे लागते. पुढच्या चालीला तोच खेळाडू पुन्हा तोंडासमोर येतो, परंतु मागची सहा सेकंदे खात्यावर ओढण्याची तरतूद नसल्याने अर्ज पहिल्यापासून भरून घ्यावा लागतो. पाच-सहा जण एकावर एक पडून ढीग झाला असता तळाच्या खेळाडूचे नाक वरच्याच्या काखेत अडकलेले असते, ही संधी खरे तर सुवर्णाची. पण पंच माणसे उपसायला लागतात तेव्हा घड्याळात जेमतेम दहा सेकंदे झालेली असतात आणि नियमाबाहेर जाऊन कोणाला बाधा करणे हे त्याच्या प्रकृतीत बसत नाही. मध्यंतरात कपडे बदलण्याच्या खोलीत साठ-सत्तर जण एकत्र कोंडले जातात तेव्हा तो आशेने मान वर करतो, परंतु तिथे प्रशिक्षक मुखपट्टी हनुवटीखाली ओढून सर्वांवर ओरडत असतो आणि त्या आवाजापुढे कोणाचेच काही चालत नाही. आपल्याकडे घटका भरल्याशिवाय काही घडत नाही असे म्हणतात, आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे. विषाणूने ती पंधरावर आणली, हे त्याच्या कार्यतत्परतेचेच लक्षण समजावे.

ऑक्टोबर २०२० मध्ये या व्याख्येत बदल होऊन पंधरा मिनिटे सलग नसली तरी चालतील, २४ तासांतील तुकड्यांची बेरीज धरावी, असे ठरले; म्हणजेच हंगाम निम्म्यावर आला असताना विषाणूला बेरीज येऊ लागली. हा आघात मोठा होता. काही संघांनी खेळाडूंच्या अंगावर परस्परांतील अंतर आणि वेळ मोजणारी चिमुकली यंत्रे बांधली होती, त्यांच्या नोंदी आता जमाखर्चासारख्या तपासल्या जाऊ लागल्या; आणि कोणत्याही नियमाचा सन्मान तो मोडून नव्हे तर त्याच्या एक बोट अलीकडे थांबून करायचा असतो, या तत्त्वाला अनुसरून एखाद्या दूरदर्शी संघाने दर चौदाव्या मिनिटाला घंटा वाजवून सगळ्या पंगतीला उठवण्याची आणि पानावरच्या जागा बदलून पुन्हा बसवण्याची सोय केली असती, तर तिला अशास्त्रीय म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरला नसता.

बाकीचे सोवळे यथासांग पाळले गेले. नाणेफेकीला दोन्ही बाजूंनी एकेकच कर्णधार पुढे आला, हस्तांदोलन टाळले गेले, तोंडाने फुंकायच्या शिट्टीऐवजी पंचांना विजेरी शिट्टी वापरण्याची मुभा मिळाली, आणि राखीव खेळाडूंना दाटीने उभे राहावे लागू नये म्हणून मैदानाच्या कडेची त्यांची जागा दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांनी वाढवण्यात आली. अनेक मैदानांत प्रेक्षकांच्या जागी पैसे भरलेल्यांची पुठ्ठ्याची चित्रे बसवली गेली आणि ध्वनिवर्धकातून गर्दीचा मुद्रित कोलाहल सोडला गेला. त्या संपूर्ण हंगामात शिस्तीने बसलेला वर्ग म्हणून या पुठ्ठ्यांचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. शिवाशिव हा शब्द मराठीत पोरांच्या पळापळीच्या खेळालाही लागतो आणि विटाळाच्या धास्तीलाही. हे दोन्ही अर्थ एकाच मैदानावर, एकाच दुपारी सुखाने नांदू शकतात याचा पुरावा भाषाशास्त्राला इतक्या लांबून मिळेल, असे कोणाला वाटले नव्हते.

येथवर विनोदाला जागा आहे. पुढे ती फारशी नाही. मैदानावर उतरलेली ही मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची होती, आणि त्यांना खेळाबद्दल वेतन मिळत नव्हते. अनेक महाविद्यालयांत त्या वेळी वर्गातला फळा पाहायला जाणेही धोक्याचे ठरले होते आणि शिकवणी संगणकाच्या पडद्यावरून चालली होती. त्याच जुलैत पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्यांना, वर्ग पूर्णपणे ऑनलाइन असतील तर देश सोडावा, असा आदेश ऐकावा लागला होता आणि तो मागे घेतला जाईपर्यंतच्या आठवड्यात घरोघरी जी झोप उडाली ती उडालीच. म्हणजे ज्या आवारात रसायनशास्त्र शिकणे असुरक्षित, तिथेच दीडशे किलोच्या मुलाशी टक्कर घेणे सुरक्षित, कारण रसायनशास्त्राच्या तासाची दूरचित्रवाणीवर विक्री होत नाही. हंगामाआधी काही ठिकाणी धोक्याची आपल्याला जाणीव आहे अशा आशयाच्या कागदांवर मुलांच्या सह्या घेतल्या गेल्या. हृदयाच्या स्नायूंना येणारी सूज, जिला मायोकार्डायटिस म्हणतात, ती या आजारानंतर तरुणांतही दिसू शकते अशी शंका ऑगस्टमध्ये डॉक्टर व्यक्त करीत होते. पुढे तिचे प्रमाण धास्तीपेक्षा कमी निघाले हे खरे, पण ज्या दिवशी सही घेतली त्या दिवशी हे सही घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसतानाही त्याने कागद पुढे सरकवला. या मुलांसाठी अमेरिकेत ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा जोडशब्द आहे. तो १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला, आणि खेळताना जखमी झालेल्यांनी कामगार म्हणून भरपाई मागू नये ही त्यामागची योजना होती. नुकसानीचा प्रश्न आला की विद्यार्थी आणि वर्ग बंद झाले की खेळाडू, अशी या शब्दाची दोन्हीकडून वाजणारी रचना आहे, आणि त्या देशातल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा ज्याच्या नावासमोर असतो तो राज्यपाल नसून एखादा फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो, हे कळल्यावर तो शब्द कोणासाठी वाजतो हे शोधायला कोशाची गरज उरत नाही.

तरीही शंभराहून अधिक सामने रद्द झाले किंवा पुढे ढकलले गेले, आणि त्यातील पुष्कळ सामने आजाऱ्यांमुळे जितके अडले तितकेच निकट संपर्कांमुळे अडले. एका लाइनमनची चाचणी बाधित आली की त्याच्या पंगतीतले सगळे खोलीत जात आणि रांगेत उभे करायला माणसे उरत नसत. येथे सुतकाचे कोष्टक पुन्हा उपयोगी पडते. बाधिताचे सुतक दहा दिवसांचे होते आणि त्याच्या शेजाऱ्याचे चौदा, म्हणजे कागदावर आजारी माणूस धडधाकट सोबत्याच्या आधी मोकळा होत होता. डिसेंबरच्या आरंभी शेजाऱ्याचे दिवस कमी करण्याची मुभा मिळाली, तोपर्यंत नेहमीच्या वेळापत्रकातले बहुतांश सामने उरकत आले होते. याखेरीज, एकदा आजार होऊन बरे झालेल्याची ९० दिवस पुन्हा चाचणी करू नये आणि तो निकट संपर्क ठरला तरी त्याला खोलीत बसवू नये, असेही मार्गदर्शन होते. ज्या संघाला पूर्ण हंगाम निर्धास्त खेळणारा लाइनमन हवा असेल त्याच्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा मुलगा कोणता, हे आता कोणत्याही प्रशिक्षकाला बोटांवर मोजता येत होते. ऑगस्टच्या अखेरीस ताप आला, तर नव्वद दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस भरतात.