किरकोळ रजा मिळणेबाबत

सरकारी नोकरीत रजा नसते असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. रजा उदंड आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 हे पुस्तक उघडलं की वाटतं, शासनाला आपल्या विश्रांतीवाचून दुसरी काळजीच नाही. अर्जित रजा आहे, अर्धपगारी आहे, परिवर्तित आहे, अनर्जित आहे आणि यातलं काहीच शिल्लक नसलं तर असाधारण आहे. 1 जानेवारीला आणि 1 जुलैला 15-15 दिवसांची अर्जित रजा आपल्या खात्यावर मुकाट्याने जमा होते. आणि मग त्याच पुस्तकात एक कलम येतं की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. ताट वाढलेलं आहे, फक्त 'बसा' म्हणायला यजमान अजून यायचा आहे.

किरकोळ रजेची तर वेगळीच तऱ्हा. वर्षाला 8 दिवस मिळणारी ही रजा नियमांच्या लेखी मुळी रजाच नाही. किरकोळ रजेवर गेलेला कर्मचारी तांत्रिकदृष्ट्या कामावर गैरहजर धरला जात नाही. म्हणजे मेव्हण्याच्या हळदीत मी बॅन्जोच्या तालावर नाचत होतो, तेव्हाही शासनाच्या दृष्टीने मी हजरच होतो. माझ्या कामाचा वेग बघता साहेबांनाही फारसा फरक जाणवला नसावा.

किरकोळ काय नि अर्जित काय, माणूस अडतो तो अर्जातल्या एकाच ओळीवर. 'रजेचे कारण'. ही ओळ ज्याने काढली त्याला माणसं सुखासाठीही सुट्टी घेतात हे ठाऊकच नव्हतं. पाऊस पडतोय आणि खिडकीत बसून भजी खायची आहेत, हे कारण अर्जात लिहिता येत नाही. काहीच करायचं नाही, हे तर त्याहून नाही. रजा मागणाऱ्याने आधी दुःखी असणं बंधनकारक आहे. निदान कपाळाला हात लावून, थोडं खोकून, आवाज अर्ध्यावर आणून साहेबांपुढे उभं राहणं तरी.

त्यामुळे आमच्या कार्यालयातले नातेवाईक फार नाजूक प्रकृतीचे आहेत. एका गृहस्थांच्या आत्याबाई दर मे महिन्यात अत्यवस्थ व्हायच्या. नेमक्या आंब्याच्या दिवसांत. जूनला पाऊस लागला की ठणठणीत. साहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. तेही कधी काळी कारकून होते, त्यांनाही आत्या असणारच. पुढे त्या म्हाताऱ्या खरोखरच गेल्या, तेव्हा या गृहस्थांनी अर्जात नुसतं 'घरगुती काम' लिहिलं. खरं कारण लिहायला हात धजेना.

अर्ज लिहिणं सोपं, तो आत नेणं अवघड. त्यासाठी दाराबाहेरच्या स्टुलावर बसलेल्या शिपाईमामांचा सल्ला घ्यावा लागतो. आतलं हवामान त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही.

"मामा, जाऊ का आत?"

"आत्ता नको. वरून फोन होता. चहा जाऊ द्या आत, मग या."

चहानंतर गेलं तरी वार आडवा येतो. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सोमवार व शुक्रवार हे दोन वार कायमचे संशयित झाले. बुधवारची रजा मागणारा प्रामाणिक समजला जातो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्यांनी मेमध्ये सोमवार मागितला, तेव्हा मी एका टिपणीवर सही घ्यायला आत उभा होतो. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय काम काढलंत?"

"गावचं घर शाकारायचंय सर. पावसाच्या आत."

"घराला कौलं आहेत?"

"हो सर, जुनी."

"मागच्या दिवाळीत गावी स्लॅब पडला म्हणून पेढे वाटलेत ते कोणाच्या घराचे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी टिपणीकडे. पेढा मीही खाल्ला होता.

या सगळ्यात ताठ मानेने आत जातो तो एकटा कोकणातला माणूस. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी 120 दिवस आधी उघडायचं. त्यामुळे हा पठ्ठ्या गणपतीला कुठल्या गाडीने, कुठल्या डब्यातून जाणार हे रेल्वेला दोन महिने आधी माहीत असतं. फक्त कार्यालयाला माहीत नसतं. तो अर्जात कारण लिहितो 'गणपती', बस्स. साहेब एक शब्द विचारत नाहीत, मुकाट मंजूर करतात. आनंदासाठी रजा मागावी आणि मागताना मान खाली घालावी लागू नये, असं हे एकच कारण मला आढळलं. फार तर आषाढीची वारी धरा. बाकी सगळ्या सुखांना वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं लागतं. गोव्याहून चार दिवसांनी रापून आलेला माणूस 'विषाणूजन्य ताप' असलेला कागद आणि सोबत तंदुरुस्तीचा दाखला देऊन रुजू होतो, आणि सगळे जण "आता बरं वाटतंय ना?" म्हणून मनापासून विचारतात.

हल्ली व्हॉट्सॲपमुळे समोर उभं राहण्याची नामुष्की टळली आहे. सकाळी सातला हात जोडलेल्या चित्रासकट 'सर, ताप व अंगदुखी असल्याने आज किरकोळ रजा मिळावी' असं टाकायचं आणि दोन निळ्या खुणांकडे बघत बसायचं. उत्तर येतं ते असं: 'बरं. तपासणीची फाईल कुठल्या कपाटात आहे?' मग ताप आलेला माणूस दहा मिनिटं उत्साहाने कपाट, खण आणि किल्लीची जागा समजावतो.

शिल्लक किरकोळ रजा 31 डिसेंबरला बुडतात, म्हणून डिसेंबरात सगळ्यांना एकदम घरगुती कामं निघतात. नेमकं तेव्हाच नागपूरला अधिवेशन भरतं, तारांकित प्रश्नांची उत्तरं घाईने मागवली जातात आणि कोणी जागा सोडायची नाही असा तोंडी हुकूम सुटतो. उरलेल्या रजा मग शासनजमा. मार्चमध्ये तर विषयच काढू नये.

म्हणून समस्त साहेबलोकांच्या सेवेशी सविनय विनंती अर्ज की, रजा द्यायची तर द्या, नाकारायची तर खुशाल नाकारा, पण अर्जातली ती कारणाची ओळ तेवढी खोडून टाका. तुमचाही अर्ज वरच्या साहेबांकडे जातच असतो. त्यातल्या तुमच्या कंबरदुखीबद्दल आम्ही कधी काही विचारलं आहे का?