आवाजाची बदली

पूर्वेस द्रुतगती महामार्गाचा अखंड गजर, मध्यभागी लोकल गाड्यांचा खडखडाट आणि पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गावरील रिक्षांचे भोंगे, अशा त्रिविध नादाने जी जोगेश्वरी अहोरात्र दुमदुमत असते, तेथेच एखाद्या गृहस्थाचा संगणक नव्या प्रणालीत पदार्पण करताच मुका व्हावा, हा कालमहिमाच म्हटला पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून अशा पदार्पणांना ऊत आला आहे.

वस्तुतः आवाज नाहीसा होत नाही. पुष्कळदा त्याची केवळ बदली होते. प्रणाली अद्ययावत होताना ध्वनिनिर्गमाचा अखत्यार स्पीकरकडून काढून एचडीएमआय तारेने जोडलेल्या, परंतु मुळात स्पीकरच नसलेल्या मॉनिटरच्या हवाली केला जातो, आणि तोही ही जबाबदारी कमालीच्या निर्विकारपणे सांभाळतो. ध्वनीची पट्टी पडद्यावर नाचत असते, दप्तरी सर्व आलबेल असते. ऐकू मात्र काहीच येत नाही. समस्यानिवारकास चौकशीस बसवावे, तर तोही गंभीरपणे तपास करून कोणताही दोष आढळला नसल्याचा अहवाल रुजू करतो.

सबब, वाचकहो, नवे स्पीकर खरेदी करण्यापूर्वी घड्याळाशेजारच्या कर्ण्याच्या चिन्हावरून ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन निर्गमस्थान तपासावे. तेथे स्पीकरचे नावच नसल्यास संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ध्वनीचा ड्रायव्हर नव्याने बसवावा.