बॅटरीला काय झालंय?

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात कुठल्याही गावात जा. रस्त्याच्या उतारावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावून उभा असलेला एखादा मिनी ट्रॅक्टर दिसतोच. नवख्या माणसाला वाटतं, बंद पडला असेल. तसं काही नसतं. मालकानं तो रात्री मुद्दाम तिथं आणून लावलेला असतो. घरापुढं अंगण आहे, अंगणात पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये बल्बही आहे. पण शेड सपाटीला आहे आणि तात्यांचा ट्रॅक्टर सपाटीला चालू होत नाही.

तात्या म्हणजे कुणी एकच माणूस समजू नका. काही गावांत त्यांना आबा म्हणतात, काही गावांत अण्णा. वय पन्नाशीच्या पुढं, दोन-तीन एकर बाग आणि वेलींच्या ओळींतून फिरायला वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर. त्यांना कंजूष म्हणाल तर फसाल. ट्रॅक्टरचे लाड त्यांनी हौसेनं केलेत. बॉनेटवर नातवंडांची नावं, मडगार्डवर दोन स्पीकर, वर एलईडीची माळ, मोबाईल लावायला चार्जर, कानठळ्या बसवणारा हॉर्न. दसऱ्याला झेंडूची माळ अशी भरगच्च की समोरचा रस्ता दिसू नये. फक्त बॉनेटखालच्या त्या काळ्या पेटीवर पैसे घालायची वेळ आली की तात्यांचा खिसा शिवल्यासारखा होतो. कारण उघड आहे. नवा स्पीकर घातला तर चार माणसं विचारतात, केवढ्याला बसला? नवी बॅटरी घातली तर कुत्रंही विचारत नाही. आणि हे स्पीकर, ही माळ, हा चार्जर, सगळे त्याच बिचारीच्या जिवावर जगतात हे तात्यांच्या हिशेबात नसतं.

ट्रॅक्टर चालू झाला नाही की गुन्हेगार ठरलेले असतात. पहिला संशय सेल्फवर. दुसरा वायरिंगवर. तिसरा डिझेलवर. चौथा पोरावर, कारण तो रात्री ट्रॅक्टरवर बसून गाणी ऐकतो. बॅटरीचं नाव कुणी काढलंच तर तात्या दुखावतात.

"बॅटरीला काय झालंय? अजून दोन वर्सं बघाय नको!"

दोन वर्षांपूर्वीही ते हेच म्हणाले होते.

खरी मजा ऑक्टोबर छाटणीनंतर सुरू होते. रात्री ढग येतात, पहाटे दव पडतं, पानं ओली राहतात आणि डाऊनी रोगाच्या भीतीनं अख्खा गाव उजाडायच्या आत औषध मारायला निघतो. चारी बाजूंनी ब्लोअर घोंघावत असतात आणि तात्यांच्या बागेतून नुसतं 'टक' ऐकू येतं. पुन्हा 'टक'. बॉनेट उघडलं जातं.

आत जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. टर्मिनलच्या बोंडावर पांढरट-हिरवट भुकटी फुगून आलेली, वायरची टोकं तिच्यात गडप झालेली. बागायतदाराची नजर ती. तात्या म्हणतात, "भुरी आल्यागत दिसतंय." नशीब, गंधक मारत नाहीत. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला तर ही भुकटी फसफसून निघून जाते. मग साध्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, टर्मिनल घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलिन फासायचं. पण सोडा काकींच्या ताब्यात आणि काकींना पहाटे उठवायची छाती तात्यांना नाही. म्हणून ते विळ्यानं खरडतात. खरडताना वायर सोडायची तर निगेटिव्ह आधी सोडावी आणि लावताना शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला तरी शॉर्ट होत नाही. तात्या नेमकी पॉझिटिव्हला पाना घालतात. पाना बॉनेटला टेकतो, फाडकन ठिणगी उडते, तात्या दोन पावलं मागं. पण चेहऱ्यावर भीती नाही, विजय.

"बघितलास का करंट! आन् म्हनं बॅटरी गेली!"

आता मेलेल्या बॅटरीतही ठिणगीपुरता जीव असतो, सेल्फ फिरवण्यापुरता नसतो, हे त्या घडीला त्यांना कोण सांगणार?

तात्यांचा दुसरा उपाय पाणी. "लय पानी पितिया," असं ते एखाद्या दुभत्या म्हशीचं कौतुक करावं तसं सांगतात. पाणी जास्त पिते, याचा अर्थ बहुतेक वेळा कटआऊट बिघडलंय. चार्जिंग साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत राहायला हवं, ते त्यावर गेलं की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, वाफ बाहेर पडते आणि बोंडांवरची भुकटी वाढते. तात्यांचा इलाज म्हणजे आणखी पाणी. तेही डिस्टिल वॉटर संपलं असेल तर बोअरचं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की माठाच्या बुडाला पांढरा थर चढतो. तो थर प्लेटांवर चढला तर काय होईल? भरतानाही हात सैल. पाणी प्लेटांवर बोटभर पुरे असतं. तात्या काठोकाठ भरतात, पाहुण्याच्या ताटात भात वाढावा तशा आग्रहानं. मग बागेतल्या खाचखळग्यांतून ट्रॅक्टर उड्या मारत गेला की ॲसिड झाकणांतून बाहेर येतं, बॅटरीच्या डोक्यावर पसरतं आणि त्या ओलसर पापुद्र्यावरून करंट एका बोंडाकडून दुसऱ्याकडे रात्रभर झिरपत राहतो. सकाळी बॅटरी बसलेली. तात्या म्हणतात, पोरानं गाणी लावली असणार.

एकदा तर पाणी कमी झालं म्हणून त्यांनी वरून ॲसिडच ओतलं, 'ताकद येतिया' म्हणून. उन्हानं आणि चार्जिंगनं उडतं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. ते वाढवलं की प्लेटा लवकर खराब होतात. आणि पातळी बघायची तात्यांची पद्धत सांगितली तर अंगावर काटा येईल: काडी पेटवून. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलेला मोबाईल आहे, त्याला टॉर्च आहे. पण टॉर्चनं मोबाईलची बॅटरी उतरते, आणि मोबाईलच्या बॅटरीची तात्यांना फार काळजी.

बॅटरी जागेवर आवळून धरायची पट्टी कधीच तुटली. तिच्या जागी ट्यूबचा तुकडा आणि कडेला विटेची पाचर. धक्क्यांनी डब्याला चीर गेली, ती एमसीलनं बुजवली. तरी खालचा पत्रा ॲसिडनं खाल्ला, रंग उडाला, आणि तात्यांचे सुती शर्ट धुतले की चाळणीसारखी भोकं पडू लागली. काकी म्हणतात, "बॅटरी घ्यायची न्हाई म्हून ह्यांनी किती शर्ट घेतलं, इचारा." हा हिशेब तात्या ऐकून घेत नाहीत.

शेवटी कुणीतरी त्यांना तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडे ओढून नेतं. तो हायड्रोमीटरनं एकेका खान्याची ग्रॅव्हिटी बघतो. पाच खान्यांत तरंगणी बऱ्यापैकी वर, सहाव्यात बुडालेली. मीटर लावतो: साडेदहा व्होल्ट.

"तात्या, एक सेल मेलाय."

"हैत किती?"

"सहा."

"मग पाच हैत की अजून!"

दुकानदार हतबल. तो बिचारा समजावतो की एकेक सेल साधारण 2.1 व्होल्टचा, सहा मिळून 12.6, त्यातला एक गेला की 10.5. घरात सहा माणसांतला एक आजारी पडला तर पाच जण काम ओढतात. इथं सगळे एका रांगेत, एक अडला की सगळ्यांची वाट अडते. तात्या मान हलवतात आणि विचारतात, "रातभर चार्जिंगला लावलं तर?" दुकानदार लावतो. तीन दिवस तात्या बॉनेट थोपटत गावभर सांगतात, की नवी घ्यायला निघालेलो, वाचलो. चौथ्या दिवशी पुन्हा 'टक'. जी बॅटरी बरेच दिवस उतरलेली पडून राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते पूर्ण सुटत नाही. बागेला विश्रांती असताना ट्रॅक्टर उभा राहतो, तेव्हाच हे होतं. निगेटिव्ह काढून ठेवली असती, महिन्यातून एकदा चार्ज केली असती, तर आणखी वर्षभर चालली असती. पण बॅटरीकडे बघायचं तर ती बिघडल्यावर, हा तात्यांचा नेम.

मग उरतो धक्का. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबाच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं; म्हणून जुन्या, साध्या पंपाचा ट्रॅक्टर ढकलून चालू होतो. तात्या वर बसतात, क्लच दाबून तिसऱ्या गिअरमध्ये टाकतात, आणि हाक देतात. दूधवाला येतो, शाळेला निघालेली पोरं येतात, एकदा तर मतं मागायला आलेले उमेदवारही येऊन गेले. क्लच सुटतो, गाडी हिसका देते, काळा धूर ढकलणाऱ्यांच्या तोंडावर. तात्या मागं वळून न बघता हात हलवतात. ज्या दिवशी माणसं मिळत नाहीत त्या दिवशी उतार. आणि उतारही नसला तर ते जमिनीवर उभे राहून सेल्फच्या नटांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात. इथं मात्र हसू आवरा. या युक्तीत क्लचचा सेफ्टी स्विच बाजूला राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होताच झेप घेतो, आणि तात्या उभे असतात ते चाकापाशीच. अशानं माणसं गेली आहेत.

तात्यांना अडाणी समजू नका. कुठल्या वेलीवर किती घड ठेवायचे, हे ते बागेतून एक चक्कर मारून सांगतात. त्यांचा हिशेबही चुकलेला नाही. नवी बॅटरी दुकानात पैशानं मिळते आणि धक्का गावात फुकट मिळतो, तोवर कुठला शहाणा माणूस नवी बॅटरी घेईल? जुनी दुकानात दिली तर शिशाच्या वजनानं रक्कमही वजा होते. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हे सगळं तात्यांना माहीत आहे. पण फुकटापुढं कुठल्याच सवलतीचं चालत नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या गावातल्या तात्यांना हा लेख वाचून दाखवू नका. ते पोट धरून हसतील आणि म्हणतील, "आमच्या शेजारच्या आबाचं बरोबर वर्णन केलंय." त्यापेक्षा पुढच्या वेळी हाक आली की जरूर जा, ट्रॅक्टरला हात लावा, पण जोर लावण्याआधी नव्या बॅटरीची तारीख विचारा. तारीख मिळाली नाही तर हात काढून घ्या. अख्ख्या गल्लीनं एकदा असा संप केला की तात्या त्याच आठवड्यात बॅटरी आणतात.