दोन पुठ्ठे आणि एक ढग

आमच्या फोटोग्राफी क्लबची निसर्गचित्रांची स्पर्धा पावसाळा सरता सरता असते. विषय 'निसर्ग' असला तरी प्रवेशिका पाहिल्या की तो 'कास आणि कोकणकडा' असाच वाचावा लागतो. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सगळ्यांचा सूर्य एकाच जागी मावळतो. फरक इतकाच की, कड्यावर कुणाचा मेव्हणा उभा आहे.

परीक्षक तिघं, शक्यतो बाहेरगावचे. पहिले सर क्षितिजाचे. फोटो समोर आला की ते मान तिरकी करून म्हणतात, "पाणी सांडतंय." लगेच अख्ख्या सभागृहाच्या माना तिरक्या होतात.

मॅडमना फोरग्राउंड लागतं. "मागे डोंगर छान आहे, पण पुढ्यात काय?" हे इतक्या वेळा ऐकल्यावर आमच्या एका सदस्यानं पुढ्यात दगड ठेवायला सुरुवात केली. शेवाळलेला, देखणा दगड. पुढच्या स्पर्धेत मॅडमनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा मागच्या वर्षी भंडारदऱ्याला होता ना?" दगड गाडीच्या डिकीतून हिंडत होता!

बँकेतून निवृत्त झालेले एक काका संगणकावर रंग असे चढवतात की, ताम्हिणीचं गवत रात्रीही दिसावं. सरांनी हटकलं तेव्हा काकांनी थेट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स काढला. अ‍ॅडम्सनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपला आणि पुढे अनेक वर्षं त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. मग आम्हीच काय घोडं मारलंय?

"त्याला चंद्र दाखवायचा होता," सर म्हणाले. "तुम्हाला काय दाखवायचंय?"

"हिरवं," काका म्हणाले. यावर सरांकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर गुण काकांना द्यायला हवे होते.

तिसरे परीक्षक बोलत नाहीत. त्यांच्या झोळीत काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे असतात. ते प्रिंटवर ठेवून चौकट लहानमोठी करत बसतात. माझी प्रिंट बारा बाय अठराची, लोहगडाच्या विंचूकाटा माचीची. वर उजवीकडे एक ढग होता, ज्याच्यासाठी मी दुपारभर भिजलो होतो. पुठ्ठा वरून सरकत आला. ढगाची कड गेली, पोट गेलं, अख्खा ढग गेला. मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"माची बघा," ते म्हणाले. "नजर तिच्यावरून चालत टोकाकडे निघते आणि वाटेत तुमचा ढग तिला पळवून नेतो."

पुठ्ठा काढला, पुन्हा ठेवला. ढगासकट चित्र पोस्टकार्ड, ढगाविना गड. "भिजलात हे फोटोत दिसत नाही हो," एवढंच वर त्यांनी ऐकवलं. पारितोषिक डिकीतल्या दगडाला गेलं, उत्तेजनार्थ.

तुमच्याही भिंतीवर एखादा सह्याद्री टांगलेला असेल, तर जुन्या खोक्याचे असे दोन काटकोन कापा आणि त्यावर फिरवून बघा. फक्त लगेच कात्री लावू नका. प्रिंटला हल्ली बरेच पैसे पडतात.