दुसरा पुडा तुझ्याकडेच ठेव

प्रति,
'एकावर एक मोफत' योजना,
मुक्काम : सुपरमार्केटात शिरल्याबरोबर दिसणारं पहिलं कपाट

तुला 'प्रिय' म्हणावं इतकी तू मला आवडत नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्या घरी जेवणारी माणसं दोन. सकाळी पोळी-भाजी आणि वाटीभर वरण, रात्री त्याहूनही कमी. अशा घराला तू एकदम ब्रेडचे दोन पुडे, दह्याचे दोन मोठे डबे आणि रव्याची दोन पाकिटं देतेस, आणि बिलाच्या तळाशी आमची 'बचत' छापतेस. पैसे माझे गेले. फ्रिजची वीज माझी, त्यातली अडलेली जागा माझी, आणि पाच-सहा दिवसांनी भरणारी कचऱ्याची बादलीही माझीच. मग बचत कोणाची झाली, तेही तिथेच छाप.

तुझं गणित मला कळतं. तारीख जवळ आलेला माल दुकानात पडून राहिला, तर तो दुकानाचा तोटा. तोच माल माझ्या पिशवीत आला की माझा निष्काळजीपणा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 60 टक्के घरांमधून आणि 12 टक्के दुकानांमधून. हे आकडे आले की उपदेश आम्हालाच ऐकावा लागतो : मोजून रांधा, उरलेलं संपवा, डबे नीट लावा. घरांच्या त्या 60 टक्क्यांत तू ढकललेलं किती होतं, याचा रकाना मात्र त्या तक्त्यात नसतो.

उरलेलं संपवायला आम्हाला कोणी शिकवायला नको. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, भाताला फोडणी बसते, आमटीत पीठ भिजवून थालीपीठ लागतं, आंबटलेल्या दह्याची कढी होते. पण दोन माणसांनी कढी प्यायची तरी किती? पहिला डबा कढीत जातो, तोवर दुसऱ्यावर बुरशी आलेली असते. ब्रेडचा दुसरा पुडा फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी लांबते, पण ब्रेड लवकर कडक होतो, कारण त्यातला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात जास्त वेगाने घट्ट होत जातो. फ्रीझरमध्ये तो टिकतो, पण लहान फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे आणि मटाराची पिशवी ठेवली की जागा संपते. रवा भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला की बरेच दिवस राहतो. न फोडलेलं पाकीट पावसाळ्यात कपाटात पडलं की जाळी धरतं. शेंगदाण्यांचंही तेच. गरजेपेक्षा जास्त आणले की खालचे खवट होतात, आणि मूठभर खवट दाण्यांचा कूट अख्खी भाजी बिघडवतो.

यावर तू म्हणशील की तुमच्या आज्या तर वर्षाची बेगमी करत. करत होत्या, आणि त्यांच्या बेगमीचं नाव तू घेऊ नयेस. त्या घरांत एका पंगतीला दहा-पंधरा पानं असत. वर्षाचं भरलं जायचं ते अख्खं धान्य : गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत जायचे. पीठ वर्षाचं कोणी भरत नव्हतं. दळण गरजेपुरतं व्हायचं, आणि त्यामागे पक्कं कारण होतं. बाजरीचंच बघ. दाणा अख्खा असेपर्यंत त्यातलं तेल सुरक्षित असतं. दळला की दाण्यातलेच एन्झाइम त्या तेलावर काम सुरू करतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होतं. ज्या बाईने आयुष्यभर भाकरी थापली तिला एन्झाइम हा शब्द ठाऊक नसेल, पण बाजरी आठवड्यापुरतीच दळायची हे ठाऊक होतं. तू तेच बाजरीचं पीठ पाकिटात घालून एकावर एक देतेस. ही बेगमी नव्हे. नासणारी वस्तू साठवायला लावणं आहे.

बादलीत टाकलं म्हणजे विषय संपतो, असंही नाही. मिसळून टाकलेला ओला कचरा डेपोवरच्या ढिगात हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. पुण्याच्या स्वयंपाकघरांचा कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षं सोसला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोकांना आंदोलनासाठी रस्त्यावर बसावं लागलं. तुझ्या दुसऱ्या डब्याची किंमत अशी तिसऱ्याच गावाने मोजली आहे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो छोट्या पाकिटाच्या भावाचा. पावकिलोच्या पाकिटाचा दर किलोवर आणून बघितला की मोठ्या पाकिटापेक्षा बहुतेक वेळा महाग निघतो. म्हणजे एकटी राहणारी पेन्शनर बाई, खोली करून राहणारा विद्यार्थी, आमच्यासारखी दोन माणसं, यांनी गरजेपुरतं घेतलं की तू दंड लावतेस. आणि दंड टाळायला जास्त घेतलं, तर ते नासतं. दोन्हीकडून आम्हीच भरायचं. हा अन्याय आहे, आणि तो रोजच्या किराण्यात घडतो म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तुझ्याशिवाय दुकानं चालत नाहीत, ही सबबही खोटी आहे. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने 2013 साली स्वतःचाच हिशेब मांडला, तेव्हा पिशवीबंद सॅलडपैकी 68 टक्के वाया जातं असं निघालं, आणि त्यातला मोठा वाटा लोकांच्या घरी. पुढच्या वर्षी त्यांनी मोठ्या पिशव्यांवरच्या तुझ्यासारख्या योजना बंद केल्या. त्याच 2014 साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने अन्ननासाडीवरच्या अहवालात तुझ्यावर बोट ठेवलं. 2016 मध्ये सेन्सबरीज या दुसऱ्या साखळीने अशा बहुतेक योजना काढून एकेका वस्तूचाच भाव उतरवायचं जाहीर केलं. दुकानं तिथे उघडीच आहेत.

तेव्हा माझं मागणं ऐक. दोन द्यायची तुझी ऐपत आहे ना, मग एकच दे आणि अर्ध्या किमतीत दे. तारीख जवळ आली असेल तर ती मोठ्या अक्षरांत पुढे लिही, लपवू नकोस. आज संध्याकाळी लागणारं दही मी आनंदाने घेईन. छोट्या पाकिटाचा किलोमागचा दर मोठ्याच्या बरोबरीला आण. डाळ, रवा, पोहे सुटे ठेव, म्हणजे ज्याला जेवढं लागेल तेवढं तो तोलून नेईल. हे होईपर्यंत माझा किराणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून येईल. तो पावकिलो रवा तोलून कागदाच्या पुडीत बांधून देतो, आणि आणखी पावकिलोचा आग्रह करत नाही.

दोन माणसांच्या स्वयंपाकघरातून,
एक ग्राहक