सगळं व्यवस्थित चालू आहे!

गोवंडीतल्या एखाद्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 10 नव्यानं टाकलं, की पडद्यावरचे चेहरे आडवे सुजतात. डिव्हाइस मॅनेजर उघडावा, तर ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ आणि शेरा: उपकरण व्यवस्थित चालू आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबा. सर्वोत्तम ड्रायव्हर म्हणे आधीच बसवलाय! हार्बर लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला ‘आत भरपूर जागा आहे’ सांगावं, तसं.

त्यात 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप हवी, जुन्या यंत्रात ती बहुधा नसते. म्हणजे चालतं यंत्र भंगारात. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927पासून शेजारीच आहे, तेवढी सोय झाली.

तरी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा, उत्पादकाच्याच साइटवरून जुना ड्रायव्हर घ्या आणि फुकट्या ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या वाटेला जाऊ नका.